मंगळवारी दुपारी या

हॉटेलच्या मॅनेजरनं स्वतःच्या तोंडानं गिऱ्हाइकाला "रविवारी रात्री येऊ नका" म्हणून सांगितलेलं मी तरी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी गल्ल्यापाशी बिल घेऊन उभा होतो आणि फार काही भांडतही नव्हतो, नान वातड होती, व्हेज कोल्हापुरी गोड लागत होती आणि सूप जेवणानंतर आलं, एवढंच सांगितलं, तेही हळू आवाजात, कारण मागं आठ-दहा माणसं टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभी होती. त्यानं ऐकून घेतलं. "किचनला सांगतो सर" असलं काही म्हणेल असं वाटलं होतं. पण त्यानं एकदा त्या गर्दीकडं बघितलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, खरं सांगू का, रविवारी रात्री येतच जाऊ नका आमच्याकडं. मंगळवारी दुपारी या. मग बोला." सुट्टे पैसे दिले, बडीशेपची वाटी पुढं सरकवली आणि पुढच्या माणसाला "किती जण?" म्हणून विचारलं.

नाव सांगत नाही. आमच्या सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला अशी पाच-पंचवीस हॉटेलं आहेत, बाहेर लायटिंगच्या माळा, आत एक एसी हॉल, मागं गार्डन म्हणून दहा टेबलं आणि एक बंद पडलेलं कारंजं. त्यातलंच एक.

जायचं कारण म्हणजे आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते नीट झालं, डॉक्टरांनी आता सगळं खा म्हणून सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं ठरलं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अर्धा तास बसलो, एक पोरगा वहीत नावं लिहून घेत होता, आणि तंदूरचा खमंग वास अन् शेजारच्या गटारीचा वास आलटून पालटून येत होता. आत गेलो तर मूड लाईट म्हणून सगळीकडं पिवळा अंधार. आप्पा काळा चष्मा लावूनच आलेले, त्यांना त्या उजेडात मेनू कार्ड सोडा, समोर बसलेली सूनसुद्धा दिसेना. पाण्याच्या ग्लासला ओल्या फडक्याचा वास. "बिस्लेरी का साधं?" हा प्रश्न. मग मसाला पापड आला तो मऊ, त्यावरचा कांदा कुणीतरी घाईत ढकलल्यागत एका कडेला. मग भाज्या आल्या, रोट्या नाहीत. मग रोट्या आल्या तोपर्यंत भाज्यांवर साय धरलेली. मग सगळं निम्मं खाऊन झाल्यावर मंचाव सूप, वन बाय टू, वाफाळतं, त्या रात्री गरम म्हणून आलेली तेवढीच एक गोष्ट. आप्पांनी पनीरच्या भाजीचा एक घास घेतला, कोल्हापुरीचा एक घेतला, बायकोच्या ताटातल्या काजू करीचा अर्धा घेतला आणि जाहीर केलं, "हे सगळं एकाच पातेल्यातलं आहे बघ."

बिल दोन हजाराला थोडं कमी. आप्पांनी गाडीत बसताना विचारलंच, एसीचे वेगळे घेतले का म्हणून. त्यांच्या डोक्यात अजून तो मधला काळ आहे, एसी हॉलमध्ये जेवलं की टॅक्स आणि बाहेर पंख्याखाली बसलं की नाही, त्यामुळं आम्ही कितीतरी मे महिने घाम पुसत पंख्याखाली जेवलोय. 2017 साली जीएसटी आला तेव्हाही सुरुवातीला एसीला 18 आणि बिगरएसीला 12 टक्के होते, मग त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्यासारख्यांच्या हॉटेलांना सरसकट 5 झाले. हे मी त्यांना दरवेळी सांगतो आणि ते दरवेळी पुढच्या वेळी परत विचारतात.

घरी आलो तर अकरा वाजत आलेले. आप्पा म्हणाले काही नाही, ताक असलं तर द्या. म्हणजे पोट भरलं नव्हतं. बायकोनं साडी न बदलता कुकर लावला, मुगाची खिचडी टाकली आणि ओट्याला टेकून शिट्ट्या मोजत उभी राहिली. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

तर ते वाक्य. दिवसभर पतसंस्थेत बसून व्हाउचर तपासताना मध्येच आठवायचं. मंगळवारी दुपारी या. आधी राग आला, म्हणजे आम्ही काय रिकामटेकडे आहोत का, मंगळवारी दुपारी कोण कुटुंब घेऊन जेवायला जातं. मग वाटलं माणूस खरं बोलला. आजकाल हॉटेलवाले "कसं वाटलं जेवण सर" म्हणून विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढच्या टेबलावर गेलेले असतात, त्यापेक्षा हे बरं. मग परत राग. असं बरेच दिवस चाललं.

यात पुण्या-मुंबईच्या लोकांना काय एवढं, असं वाटेल. माझी बहीण पुण्यात असते, ते लोक दर आठवड्याला नवं हॉटेल बघतात, नाही आवडलं तर सोडून द्यायचं, पुढच्या शनिवारी दुसरं. त्यांच्याकडं वाईट जेवण म्हणजे एक वाईट जेवण. आमच्या घरात हॉटेलला जायचं म्हणजे महिन्या-दोन महिन्यातून एकदा आणि त्याची जुळवाजुळवच केवढी असते. आप्पांचा सोमवार, सिद्धेश्वराचा, तो कधी चुकला नाही. आईचा गुरुवार. चतुर्थी असली तर चंद्रोदय किती वाजता ते बघायचं. पोरीची क्लासची वेळ. आणि हे सगळं जुळलं तरी त्या दिवशी पाणी आहे का ते बघावं लागतं, कारण सोलापुरात चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि पाण्याच्या पाळीला घराला कुलूप लावून बाहेर जाणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. एवढ्या सगळ्या फटीतून एक संध्याकाळ निघते. ती वाया गेली की नुसते दोन हजार जात नाहीत, पुढचे दोन महिने जातात. म्हणून आमच्यासारखी माणसं नव्या हॉटेलला दुसरी संधी देत नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. त्या मॅनेजरला हे कुणी सांगायला पाहिजे होतं, की बाबा तू ज्याला रविवारची गर्दी म्हणतोस ना, त्यातल्या निम्म्या लोकांची ती एकच संध्याकाळ आहे.

पण मग जुन्यांना? तिथं आमचा हिशोब एकदम वेगळा.

आमच्या जुन्या घराच्या कोपऱ्यावर एक भजीवाला होता, अजूनही आहे, आता त्याचा पोरगा बसतो. त्याच्याकडं मागायची सोय नाही, तो देईल तेव्हा घ्यायचं, दोनदा विचारलं तर "घाई असंल तर घरी तळा की" म्हणतो. तेल कधी कधी काल-परवाचं आहे हे वासावरनं कळतं. एकदा भज्यात सुतळीचा तुकडा निघाला, आमच्या शेजाऱ्यानं तो काढून बाजूला ठेवला आणि उरलेली भजी खाल्ली, वर मिरच्या मागून घेतल्या. ह्या माणसाला किती वेळा संधी दिली असेल सोलापूरनं त्याची मोजदाद नाही. आणि दिली असंही कुणाला वाटत नाही, तो चांगला का वाईट हा प्रश्नच कुणी कधी काढलेला नाही. तेच त्या एसीवाल्या हॉटेलात सुतळी निघाली असती तर आम्ही फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला असता आणि रात्रीतून अर्ध्या शहराला कळलं असतं.

आप्पांचं तर याबाबतीत फारच. आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, आप्पांचं सगळं लहानपण भोंग्यावर. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की आजोबांचा डबा पोचवायचा. तेव्हा हॉटेलात जाऊन खाणं म्हणजे उधळेपणा समजायचे, मिलच्या दारातल्या खानावळी एकट्या माणसांसाठी, गावाकडनं आलेल्यांसाठी. पगाराच्या दिवशी आजोबा भज्याचा पुडा आणायचे, तेवढंच बाहेरचं. पुढं आप्पांना नोकरी लागली आणि आम्ही शाळेत जायला लागलो तेव्हा वर्षातून एकदा, जूनमध्ये, नवी पेठेत युनिफॉर्म आणि वह्या घेऊन झाल्या की ते आम्हाला एका उडपी हॉटेलात न्यायचे. तिथला मालक आत किचनकडं बघून कानडीत ओरडायचा, आमच्याशी मराठीत बोलायचा, पूर्व भागातलं कुणी गिऱ्हाईक आलं की तेलुगूत दोन शब्द टाकायचा आणि दारातल्या पानवाल्याशी आपलं दखनी हिंदी. सोलापुरात यात कुणाला काही वाटत नाही पण मला लहानपणी वाटायचं की हॉटेल चालवायला एवढ्या भाषा याव्या लागतात, म्हणून आपल्याला ते जमणार नाही.

तर तिथला मसाला डोसा. एक दोघांत. आता मागं वळून बघितलं तर तो बऱ्याच वेळा चांगला नसायचा. कधी मध्येच पांढरा राहिलेला, कधी भाजीत मीठ नाही, चटणी संपली म्हणून नुसतं सांबार, तेही पातळ. आप्पा एक तुकडा खाऊन म्हणायचे, "आज तवा बरोबर तापलेला नाही वाटतं." कधी "आज गर्दी आहे ना." कधी "नवा माणूस दिसतोय." हॉटेलवाल्याला जी कारणं सुचली नसती ती आप्पा त्याच्या वतीनं आम्हाला सांगायचे. आणि पुढच्या जूनमध्ये परत तिथंच. आम्हालाही तो डोसा वाईट आहे असं कधी वाटलं नाही, वर्षात एकदा मिळणारी गोष्ट वाईट कशी असेल. हे मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमच्याकडं एकाच माणसाची तर रीत आहे हॉटेलची, आई कुठं होत्या तेव्हा?" खरंच आई नसायची. ती घरी असायची, आम्ही परत आल्यावर आप्पांना परत भूक लागायची म्हणून.

एका मंगळवारी सात रस्त्याला एका खातेदाराच्या कागदपत्रांचं काम होतं, ते लवकर झालं, डबा आणलेला नव्हता. म्हणलं चला, बघूच. ठरवून गेलो असं म्हणणार नाही पण गाडी वळली हे खरं.

दुपारी दोनच्या उन्हात ते हॉटेल ओळखूच येईना. माळा बंद, कारंज्यात वाळकी पानं, बाहेरच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. आत मूड लाईटचा पत्ता नाही, सगळ्या ट्यूबा चालू, आणि त्या उजेडात रविवारी न दिसलेलं सगळं दिसत होतं. सोफ्याचं फाटलेलं रेक्झिन, त्यावर त्याच रंगाची चिकटपट्टी. प्लास्टिकच्या वेलीवर धूळ. भिंतीवर ताजमहालाचं पोस्टर, का कोण जाणे. पण एक होतं, वास. आतून कांदा परतल्याचा वास येत होता, नीट, वेळ घेऊन परतलेल्या कांद्याचा, तो कडेनं तपकिरी व्हायला लागतो तेव्हाचा. रविवारी हा वास नव्हता. एका टेबलावर दोन एमआर, म्हणजे औषध कंपन्यांची माणसं, बॅगा मांडीवर घेऊन जेवत होते, एक वकील फोनवर तारीख विचारत होते. रविवारचाच वेटर पोरगा, बिदरकडचा, कोपऱ्यात टिश्यू पेपरच्या घड्या घालत बसलेला.

मॅनेजरनं मला ओळखलं नाही. म्हणजे थोडंसुद्धा नाही. मी एवढे दिवस त्याचं वाक्य डोक्यात घेऊन फिरतोय आणि तो बहुतेक दर रविवारी चार जणांना तेच सांगत असणार. जरा हिरमोड झाला.

मी मुद्दाम तेच मागवलं, व्हेज कोल्हापुरी आणि बटर नान. परीक्षा घ्यायची तर प्रश्नपत्रिका तीच पाहिजे. तर पोरगा म्हणाला, "तंदूर नाही साहेब. तंदूर संध्याकाळी सातला पेटते. दुपारी भाकरी आहे." आता काय बोलणार. मला मंगळवारी बोलावलं ते या हॉटेलात नव्हतंच, हे वेगळंच हॉटेल होतं, पाटी फक्त तीच.

भाकरी सांगितली. आणि इथं मला खरं लिहायला पाहिजे की ती भाकरी फार चांगली होती. मालदांडी ज्वारीची, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेला, आतून वाफ येत होती आणि कडेला हलका करपलेला ठिपका. सोबत शेंगा चटणी, उखळात कुटलेली, तेल सुटून गोळा झालेली, मिक्सरवरची भुकटी नव्हे. दही. कांदा बुक्की मारून फोडलेला नव्हता, कापलेलाच होता, पण ठीक. आणि कोल्हापुरी आली ती तिखट. नाकातून पाणी आलं. त्यात फरसबी फरसबीसारखी लागत होती आणि गाजर गाजरासारखं, आणि मागं तो परतलेला कांदा. मी रविवारी खाल्ली ती भाजी आणि ही भाजी मेनू कार्डावर एकाच ओळीत आहेत, एकाच किमतीला.

नको ते पण सांगतो. ग्लासला फडक्याचा वास तसाच. दुसरी भाकरी मागितली ती भाजी संपल्यावर आली, कारण पोरगा टिश्यूच्या घड्या सोडून मोबाईलवर मॅच बघत होता. पंखा कुरकुरत होता. बिलात एक पापड जास्त लावलेला, सांगितल्यावर मुकाट्यानं काट मारली, म्हणजे माहीत असणार. मंगळवार काय स्वर्ग नव्हता.

जेवण झाल्यावर मॅनेजर समोर येऊन बसला, दुपारी त्यालाही काही काम नव्हतं. मी रविवारची गोष्ट काढली तर हसला. म्हणाला, साहेब, ग्रेव्ही सकाळी होते. लाल, पांढरी, पिवळी. कांदा दोन तास परततो आमचा माणूस, सकाळी नऊपासून. तीन पातेली. रोजच्याला ती रात्री अकरापर्यंत पुरतात. रविवारी साडेआठलाच संपतात. मग नवी टाकावी लागते आणि बाहेर तर माणसं उभी. कांदा परतायला वेळ कुठं, टोमॅटो कच्चा राहतो, आंबट लागतो, मग आचारी साखर टाकतो, मलई टाकतो. म्हणून गोड. व्हेज मराठा असो, तुफानी असो, अंगारा असो, जयपुरी असो, साडेआठनंतर सगळे भाऊ-भाऊ. (जयपुरीवर पापड ठेवतात म्हणून ओळखता येते, हे मी म्हणालो, त्यानं मान डोलावली.) आणि तंदूर? तंदूरला उस्ताद एक. भट्टीच्या आत जागा दहा-बारा रोट्यांची, ऑर्डर साठ रोट्यांची. थंड कणीक लावत गेलं की भट्टीची भिंत गार पडते, रोटी लवकर भाजत नाही, वेळ लागला की सुकते, सुकली की वातड. नान तर मैद्याची, ती टेबलावर पोचेपर्यंत गार झाली की संपलंच. एवढं तो अगदी प्रेमानं सांगत होता. मला जरा आप्पांचीच आठवण आली, फक्त इथं कारणं खुद्द हॉटेलवाला देत होता.

मी म्हणलं मग मेनू कमी करा की. पुस्तकाएवढं मेनू कार्ड आहे तुमचं. चार भाज्या ठेवा, चांगल्या ठेवा. तो म्हणाला, "कमी केला होता साहेब. लोक म्हणले, मालक अडचणीत आलाय वाटतं." मग म्हणलं टेबलं कमी घ्या रविवारी. तो नुसताच बघायला लागला माझ्याकडं. भाडं, पगार, गॅस सगळं रविवारवर निघतं, सोमवार ते गुरुवार हे असंच, दोन एमआर आणि एक वकील. मग म्हणलं बाबा, भाकरी तरी ठेवा रात्रीची, मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सगळा महाराष्ट्र या भाकरीचं नाव काढतो आणि तुमच्याकडं रात्री नान. तो म्हणाला भाकरीवाल्या मावशी साडेतीनला जातात, घरी जाऊन विड्या वळायला बसतात, हजार विड्यांमागं मजुरी असते, ती सोडून रात्री थांबणार नाहीत. "आणि रात्री भाकरी मागतंय कोण? रात्री पोरांना पनीर पायजे. तुम्ही काय मागवलं होतं रविवारी?"

गप्प बसलो. पनीर होतंच की, काजू करी होती.

येताना उन्हात गाडी चालवताना विचार करत होतो की यातलं खरं हॉटेल कुठलं. मॅनेजरचं म्हणणं उघड होतं की खरं ते मंगळवारचं, रविवारचं म्हणजे नाइलाज. आपलं किचन काय करू शकतं ते मंगळवारी दिसतं, रविवारी दिसते ती गर्दी. आणि मला भाकरी खाल्लेल्या पोटानं ते जवळजवळ पटत आलेलं. पण आसरा चौकाच्या सिग्नलला उभा राहिलो तेव्हा उलटं वाटायला लागलं. मंगळवारी त्याच्याकडं परीक्षा काय असते? तीन टेबलं. तेवढं तर आमची आईपण सांभाळते, गौरी-गणपतीला पंधरा माणसांचं करते आणि पुरणपोळी पहिली आणि शेवटची सारखीच असते. ज्या रात्री सगळं गाव जेवायला येतं त्या रात्री जे ताटात पडतं तेच त्या हॉटेलचं जेवण, बाकीचं काय करता येतं हे त्याचं त्याला ठाऊक असू दे. मी रविवारी जे बोललो त्यातला एक शब्द मागं घ्यावा असं मला त्या भाकरीनंतरही वाटलं नाही. भाकरी मात्र परत खावीशी वाटत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात होत्या आणि सिग्नल सुटला.

घरी सांगितलं. चूकच... म्हणजे नको होतं सांगायला, कारण आप्पांना आधी हेच लागलं की मी एकटा जाऊन जेवलो. मग त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, ग्रेव्हीचं, भट्टीचं, उस्तादाचं, आणि समाधानानं म्हणाले, "मग बरोबर आहे त्याचं. रविवारी गर्दी असती. जाऊ परत एकदा." आप्पांकडून माफी मिळायला एवढंच लागतं, कारण समजलं पाहिजे.

बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "भाकरी खायला हॉटेलात जायचं? मग मी घरी काय करते?"

मी म्हणलं तसं नाही, दुसरी संधी द्यावी असं. तर तिनं निवडलेली मेथी बाजूला ठेवली आणि एकेक गोष्ट सांगितली, आवाज न चढवता. ती रविवारी सकाळपासून रात्रीच्या स्वयंपाकाचा विचार करत नव्हती, महिन्यातून तेवढा एकच दिवस असा असतो. कणीक मळलेली नव्हती. भाजी आणलेली नव्हती. दूधसुद्धा सकाळचं तेवढंच होतं. साडी नेसून, केस विंचरून, अर्धा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, वातड नान खाऊन, अकरा वाजता कुकर तिनं लावला होता. "तुमचे दोन हजार गेले. आप्पांना नंतर खिचडी मिळाली. त्या मॅनेजरला सांगायचं होतं की, मंगळवारी दुपारी काय ये म्हणतोस, मंगळवारी दुपारी मी डब्याची भांडी घासत असते." यावर काय बोलणार. मला मेथीच्या काड्या मोडत बसणं सोयीचं वाटलं. संधी द्यायची का नाही हा प्रश्न इतके दिवस मी माझाच समजून चघळत होतो आणि तो बहुतेक तिच्याकडं होता.

पण ती नाही म्हणाली नाही. तिचं असं आहे की ती एखाद्या गोष्टीला नाही म्हणायच्या आधी त्यात काही दुरुस्ती होते का बघते. दोन दिवसांनी पोळ्या लाटता लाटता विचारलं, तंदूर सातला पेटते म्हणालात ना? म्हणलं हो. म्हणजे सव्वासातला पहिल्या रोट्या. ग्रेव्ही सकाळची. उस्तादाला घाई नाही. "मग आपण सव्वासातला जाऊन बसायचं. पोरीच्या वाढदिवसाला. पण रविवारी नाही."

यावर घरात चर्चा झाली ती अशी. वाढदिवस एप्रिलच्या शेवटी. एप्रिलमध्ये सोलापुरात सातला बाहेर पडायचं म्हणजे रस्ता तव्यासारखा तापलेला, बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीचा दिवस नुकता मावळलेला, शहर खरं तर नऊला बाहेर पडतं. आईचं म्हणणं एवढ्या लवकर जेवलं की रात्री परत भूक लागते. आप्पा म्हणाले सव्वासातला मी चहा घेतो. पोरगी म्हणाली तिला मुळात तिथं जायचंच नाही, तिला बर्गर पाहिजे, तिच्या वाढदिवसाचं सगळे मिळून असं काय करताय. तिला दोन्ही देऊ म्हणून गप्प केलं. मी मॅनेजरला फोन लावून विचारलं, शनिवारी सव्वासातला पाच जणांचं टेबल मिळेल का, तर तो म्हणाला शनिवारचं बुकिंग घेत नाही साहेब, बुधवारी या, बुधवारी कायपण रिकामं असतं.

बुधवार कुणाचा उपवासाचा नाही. पोरीला क्लास नाही. बायको हो म्हणाली. सगळं जुळलं म्हणून मी वहीत लिहायला गेलो तर आई म्हणाली, बुधवारी पाणी आहे.

मग आप्पांनीच तोडगा काढला, तुम्ही जा, मी थांबतो पाण्याला, डोळे आता चांगले आहेत, टाकी भरलेली दिसते मला. फक्त मला पार्सल आणा. काय आणू विचारलं तर म्हणाले, "ती भाकरी आण की, शेंगा चटणी घालून."

म्हणलं आप्पा, रात्री भाकरी नसते तिथं.

"मग काय उपयोग बे त्या हॉटेलचा," आप्पा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.